वर्तुळाच्या आतलं

११ जानेवारी, रविवार
दत्तानं सकाळी कंपनीचा नकाशा काढला. त्याच्या हद्दीचा, सगळी गावं छापलेला. जेवायच्या टेबलावर पसरला. ओवीचा कंपास मागून घेतला. टोक आपल्या घरावर, गारखेड्यात. पेन्सिल पाचोडच्या जरा पुढं. गोल फिरवला. मग नकाशा भिंतीवर लावला.
"ह्याच्या आत पिकतं तेवढंच खायचं. तेही बिनफवारणीचं. बाहेरचं काही नाही."
ओवीनं विचारलं, "कधीपर्यंत?"
"आता असंच."
मी हो म्हणाले. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, ते शोधायचा कंटाळा आला.
दवाखान्यातल्या त्या दिवसाला उद्या अकरा सोमवार होतील.

१२ जानेवारी
डबे रिकामे केले. चहा, तांदूळ, साबुदाणा, जिरे, मिरी, लवंग, वेलदोडा, खोबरं, बिस्किटं, ओवीच्या नूडल्सची पाकिटं. मिठापाशी द. अडला. हातात पुडा घेऊन बराच वेळ उभा. इथून समुद्र कुठं. शेवटी म्हणाला, "मीठ चालेल." चहाला मात्र नाही.
सगळं पिशव्यांत भरून समोरच्या नसरीनभाभींना दिलं. त्या दारातच म्हणाल्या, "अरे, ये तो सब्बीच दे दिए. घर बदल रहे क्या?"
मी म्हटलं, नाही, घर तेच आहे.

१४ जानेवारी, बुध.
संक्रांत. तीळ आणि गूळ दोन्ही वर्तुळातले निघाले. लाडू केले. ओवीनं पाच खाल्ले. मी एक. गोड होता बहुतेक.
शेजारच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. मला बोलावणं आलं नाही. त्यांनाही काय बोलावं ते सुचलं नसणार.

१६ जानेवारी
चहा नाही म्हणून डोकं दुखतंय, चौथा दिवस. दुखतंय हे बरंय एका अर्थी. दुखण्याला जागा आहे, कारण आहे, आणि ते जाईल असं सगळे म्हणतात.

१८ जानेवारी, रवि.
तिघं दुचाकीवरून फुलंब्रीला. गावाबाहेर बाबूरावांचं शेत. द.चं जुनं गिऱ्हाईक. गाडी पाहून ते धावतच आले. "या सायब, आज रविवारी? नवीन माल आला व्हय?"
द. म्हणाला, माल नाही, भाजी पाहिजे. फवारणी न केलेली.
बाबूराव हसायला लागले. मग लक्षात आलं की तो हसत नाहीये. विहिरीच्या कडेला घेऊन गेले. दोन-तीन वाफे. मेथी, शेपू, लसूण, चार वांगी, कोथिंबीर. "ह्ये घरचं हाय. ह्याच्यावर नाय मारत काही. विकायचं ते तिकडं."
"इथं का नाही मारत?"
"लेकरं खातात ना सायब."
साधं सांगितलं. टोमणा नव्हता. त्यांच्या बाई मेथी उपटत होत्या, त्यांनीही मान वर केली नाही.
येताना गाडीवर द. पुढं. मध्ये ओवी, तिच्या मांडीवर मेथी. माझ्या नाकाशी त्याचा शर्ट. रविवारचा, धुतलेला. तरी फवारणीच्या औषधाचा तो वास आहे त्यात. पंधरा वर्षांचा आहे. मी त्याचे शर्ट हातानं धुवायची, पोटात बाळ असतानाही, सातव्या महिन्यापर्यंत. हे आम्ही कधी बोललेलो नाही.

२० जानेवारी
आज लक्षात आलं. नकाशावर त्यानं वर्तुळ काढलं ती गावं आणि त्याच्या विक्रीची गावं एकच आहेत. रोज सोम ते शनि तिथं औषधं द्यायची, आणि रविवारी तिथंच बिनऔषधाचं शोधत फिरायचं.
त्याला आधीच कळलं असेल. त्याचाच नकाशा आहे.

२२ जानेवारी, गुरु.
कॉलेजच्या लायब्ररीत दुपारी शिपायानं सवयीनं माझ्यापुढं चहा ठेवला. प्यायले. चोरी केल्यासारखं वाटेल म्हणून वाट पाहिली. नाही वाटलं. पुस्तकांवर नंबर टाकत बसले.
घरी सांगितलं नाही. लपवलंही नाही. कुणी विचारलं नाही.

३० जानेवारी
रोजचं: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. गहू बाबूरावांच्या भावाचा. करडईचं तेल घाण्यावरून. फळ म्हणजे मोसंबी आणि पेरू.
द.ची बहीण पुण्याहून फोनवर म्हणाली, वहिनी, तुम्ही किती छान करताय, आम्हालाही असं जगायला हवं. हो म्हटलं.
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कधी कधी कारण सापडत नाही. सगळे रिपोर्ट नीट आहेत. द.नं तीनदा विचारलं. तीनदा तेच. तिथून घरी येताना तो म्हणाला होता, "कारण नाही असं कसं असेल?" त्यानंतरचं सगळं तिथून सुरू झालं असं मला वाटतं. खात्री नाही.

१ फेब्रुवारी, रवि.
सासूबाई आल्या पाचोडहून. एका पोत्यात मोसंबी, दुसऱ्यात ज्वारी. दम खात खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आधी च्या टाक."
मी द.कडं पाहिलं. तो म्हणाला, "आई, आम्ही चहा बंद केलाय."
"का? दूध नासलं?"
त्यानं सगळं सांगितलं. नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. पाचोड आत आहे का तेवढं बघितलं. मग पिशवीतून पितळी डबी काढली, त्यात त्यांची चहापत्ती. "तुमचं तुम्ही बघा. मला सकाळ-संध्याकाळ लागतो." स्वतः उठून केला. वास घरभर.
द. गॅलरीत जाऊन उभा राहिला.

४ फेब्रुवारी
आई रोज विचारतात, "जेवली का गं?" जेवले म्हणते. खरंच जेवलेली असते. त्या तरी बघत राहतात.

१० फेब्रुवारी, मंगळ.
ओवीच्या शाळेतून फोन. वर्गशिक्षिका. वर्गातल्या मुलीच्या वाढदिवसाचा केक ओवीनं घेतला नाही, ठीक आहे, घरचे नियम असतील. पण ती स्वतःचा डबाही अर्धाच खाते. मैत्रिणींपासून लांब बसते. "सगळं ठीक आहे ना घरी?"
ठीक आहे म्हटलं. फोन ठेवल्यावर हे उत्तर मी किती सहज दिलं ते जाणवलं.

११ फेब्रुवारी
ओवीला विचारलं. म्हणाली, भूक नव्हती. द.नं विचारलं तर म्हणाली, "बाबा, डब्यातला गूळ कुठल्या गावचा होता?" त्यानं गाव सांगितलं. खूश झाला. मला म्हणाला, "बघ, तिला समजतंय सगळं."

१९ फेब्रुवारी
रमजान सुरू झाला. नसरीनभाभींकडून संध्याकाळी भजी आणि फळांची बशी आली. फळांत सफरचंद. द.नं हात जोडून परत पाठवली. भाभी बशी घेऊन उभ्या. "ठीक है भाई. तुम्हारा भी रोजाच समझो." मग माझ्याकडं बघून हळूच, "लेकिन हमारा तो शाम को छूटता."

२२ फेब्रुवारी, रवि.
ओवीचं वजन केलं. नोव्हेंबरपेक्षा दोन किलो कमी. नऊ वर्षांच्या मुलीचं वाढायला पाहिजे. द. म्हणाला, जंक बंद झालं की आधी थोडं कमी होतं. आईंनी तूप वाढलं तिच्या भाकरीवर.
मी तिची आई आहे, मला धक्का बसायला हवा होता. वजनकाटा पुसून पलंगाखाली सरकवला.

३ मार्च
काल होळी. पुरणपोळ्या आईंनीच केल्या. हरभरा, गूळ, गहू सगळं आतलं. पुरणात वेलदोडा नाही, जायफळ नाही. त्या म्हणाल्या, "नुसतं गोड लागतंय." ओवी अर्ध्या पोळीवर उठली.

५ मार्च, गुरु.
लिहायचंय, पण सरळ लिहिता येत नाहीये. क्रमानं लिहिते.
ओवीच्या गणिताच्या वहीचं कव्हर फाटलं होतं. नवं घालायला घेतली. मागची पानं उघडली. रेघा मारून तीन रकाने. पदार्थ. गाव. कोणी खाल्लं. रोजचं. भाकरी, पाचोड, सगळ्यांनी. मेथी, फुलंब्री, सगळ्यांनी. चहा, गाव माहीत नाही, आजी. दोन महिन्यांचं, तिच्या गोल अक्षरात.
सगळ्यात वर, जानेवारीच्याही आधी, एकच ओळ. वेगळ्या पेननं.
नूडल्स. गाव माहीत नाही. आईला मी दिल्या.
गणपतीतली गोष्ट आहे. कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेतलेल्या. मला नको होत्या, ती म्हणाली, आई एक घास, बाळाला पण. काट्यानं भरवला होता तिनं.
ती शाळेतून आल्यावर वही पुढं ठेवली. रडली नाही. तिनं विचारलं, "त्याच्यामुळंच ना?"
मी नाही म्हटलं.
"मग बाबा हे सगळं का करतात?"
तिला जवळ घेतलं. तिचे खांदे हाताला लागतात आता.

६ मार्च, शुक्र.
द. फिरतीवरून चारच्या सुमारास आला. ओवी खाली खेळायला गेली होती, म्हणजे आईंनी पाठवली होती. स्वयंपाकघरात मी त्याच्यापुढं वही ठेवली. त्यानं वाचली. पानं मागं उलटत गेला. वरच्या ओळीपाशी थांबला.
मी म्हटलं, "तिला वाटतं तिनं मारलं."
तो म्हणाला, "तिनं कसं, मी..." आणि थांबला.
इतक्या महिन्यांत एवढंच. ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही. मला ते आधीपासून पूर्ण माहीत होतं, आणि मी त्याला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आता लिहिताना दिसतंय की नाही म्हणायला हवं होतं. मी गप्प बसत आले ते मला काही वाटत नव्हतं म्हणून, की मलाही तसंच वाटत होतं म्हणून?
आई ओट्यापाशी ज्वारी निवडत होत्या. हात न थांबवता बोलल्या.
"तुझ्या आधी दोन गेले माझे."
द. म्हणाला, "एक."
"दोन. एक सव्वा महिन्याचं, ते तुला सांगितलं. त्याच्या आधीचं पोटातच. असंच, सातव्यात." सूप झटकलं. "तवा कुठलं आलं औषध? आपलं रान, आपली ज्वारी, आपल्या विहिरीचं पाणी. दूध दावणीचं. बाहेरचं म्हंजी मीठ अन् काडेपेटी. तरी गेले."
"कशानं?"
"कुणाला ठाऊक. तुझी आजी म्हनली, मी तिन्हीसांजंला विहिरीवर गेले म्हणून. लई वर्षं मीबी तेच धरून बसले. विहिरीवर जायची नाय. पाणी दुसऱ्यानं आणायचं. मग तू पोटात आलास, तवा तर मी रोज जायची. कुणी आणून देईना तर काय करती."
त्यांनी सूप खाली ठेवलं.
"लेकराला सांग जाऊन. माझ्या सासूनं सांगितलं तसलं नको सांगू."

तेव्हाच ओवी वर आली, घामेजलेली. तो तिच्यासमोर फरशीवर बसला. मी दारात होते, सगळं ऐकलं.
"ओवी, नूडल्समुळं नाही झालं."
"मग कशामुळं?"
मला वाटलं तो शर्टाचं सांगेल, स्वतःचं नाव घेईल. त्याचे ओठ हलले पण.
"माहीत नाही," तो म्हणाला. "मला माहीत नाही, बेटा. डॉक्टरांनाही माहीत नाही."
तिनं थोडा विचार केला. "आईला?"
"आईलाही नाही."
मग तिनं विचारलं की ती वही शाळेत नेली तर चालेल का, कारण पुढच्या पानांवर गणित आहे.

८ मार्च, रवि.
फुलंब्रीला गेलो नाही. ओवीला द.नं सांगितलं, शाळेत कुणी काही दिलं तर खा. तिनं विचारलं, "आणि घरी?" तो म्हणाला, "तुला पाहिजे ते." स्वतःचं मात्र त्यानं तसंच ठेवलंय. भाकरी, वरण. आता एका घरात दोन स्वयंपाक. मी कुठल्या बाजूला ते कुणी विचारलं नाही. मी दोन्हीकडचं खाते.
नकाशा अजून भिंतीवर आहे.

११ मार्च
आई पाचोडला परत गेल्या. बसमध्ये बसवलं. खिडकीतून म्हणाल्या, "तू रडली नाहीस अजून." मी म्हटलं, येत नाही. "येईल नाहीतर नाय येणार. पण त्याच्याशी भांड एकदा. तेवढं कर." बस सुटली.
कशावरून भांडू ते सुचेना.

१५ मार्च, रवि.
द. एकटाच बाबूरावांकडं जाऊन आला. पिशवी रिकामी. हातपाय धुतले, बसला, मग सांगितलं. बाबूरावांच्या बाई महिनाभर आजारी, निंदायला-किडे वेचायला माणूस नाही. घरच्या वाफ्यांवर माव्याची कीड पडली. बाबूरावांनी विचारलं, सायब, काय मारू?
"मग?"
"सांगितलं." थोड्या वेळानं, "किती पाण्यात किती, तेपण सांगितलं. मारल्यावर किती दिवस तोडू नको तेपण. तो म्हणाला, तुम्ही आहात म्हणून बरंय."
भांडायचं असेल तर आत्ता, असं वाटलं. म्हटलं, "तू चुकीचं सांगितलंस का?"
"नाही. बरोबर सांगितलं."
"मग?"
"तेच तर."
एवढंच झालं. ह्याला भांडण म्हणत नसतील. पण माझा आवाज चढला होता थोडा, ओवी आतून बघायला आली.

१७ मार्च
खरिपाच्या आधी कंपनीची मोठी मीटिंग असते. दुकानदारांसमोर दरवर्षी द. बोलतो. ह्या वर्षी जाणार का, असं साहेबांनी विचारलंय. त्यानं मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, विचार करते. खरोखर करतेय. ऑक्टोबरनंतर पहिलाच प्रश्न आहे ज्याचा मी दिवसभर विचार केला. उत्तर नाही सापडलं. नोकरी सोडून तो काय करेल? नाही सोडली तर त्याचं काय होईल?

१९ मार्च, गुरु.
पाडवा. गुढी उभारली. ओवीनं गाठी गळ्यात घालून तिथंच अर्धी खाल्ली. साखर कुठल्या कारखान्याची, तिनं विचारलं नाही. द.नं विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं, नुसतं सवयीनं.

२१ मार्च, शनि.
ईद. नसरीनभाभी सकाळीच दारात. "हर साल भेजती मैं. इस बार भेजूँगी नै. तीनों आओ, बैठ के खाओ." द.कडं बोट करून, "तुम भी. पानी पियो, पर आओ."
अकराला गेलो. त्यांचे मिस्टर, सैयदभाई, नमाजहून आलेले, नवा कुर्ता. ओवीला ईदी मिळाली. शीरखुर्म्याच्या वाट्या आल्या. खजूर, काजू, चारोळी, शेवया. ओवीनं लगेच सुरू केला. मी घेतला. द.च्या हातात वाटी होती, चमचा तसाच.
भाभी माझ्याशेजारी बसल्या. इकडचं तिकडचं बोलल्या. मग मध्येच, आवाज न बदलता, जसं ओवीची इयत्ता विचारावी तसं,
"लड़का था कि लड़की?"
कुणी विचारलं नव्हतं. एकानंही. आईंनीही नाही, त्यांना माहीत होतं. लायब्ररीत नाही, शेजारी नाही, पुण्याच्या नणंदेनंही नाही. सैयदभाई भाभींकडं बघायला लागले, गप्प राहा अशा अर्थानं.
मी म्हटलं, "मुलगी."
माझा आवाज कसा आला ते सांगता येत नाही. पण आला.
"नाम रक्खे थे?"
मी नाही म्हणणार होते. आम्ही ठेवलं नव्हतं. त्याच्यावर बोलणंच झालं नव्हतं, बारशाला बघू म्हणालो होतो.
द.नं नाव सांगितलं.
वाटीत बघत. एकच शब्द. मला तो ठाऊक नव्हता, म्हणजे शब्द ठाऊक आहे, तिचं नाव होतं हे ठाऊक नव्हतं. त्यानं कधी ठरवलं? आधी? की नंतर, दवाखान्यात, ती कागदपत्रं भरताना? ओवीनं चमचा थांबवून त्याच्याकडं पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात ते एकदा म्हणून बघितलं.
भाभींनीही म्हटलं. "अच्छा नाम है." आणि उठून ओवीला आणखी वाढलं.
घरी आल्यावर मी त्याला काही विचारलेलं नाही. तो भिंतीकडं तोंड करून झोपलाय, दुपारचे तीन वाजलेत. ओवी भाभींकडंच आहे. विचारायचंय. कधीपासून, आणि मला का नाही सांगितलंस. जाग येईल तेव्हा विचारीन, किंवा आत्ताच उठवते.
वाटी त्यानं संपवली का, ते बघायचं राहिलं.
नाव इथं लिहायला तीनदा पेन टेकवलं.